खोकला नेमका कशामुळे

जर्मनीत स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या आमच्या त्या भाड्याच्या घरात सांगण्यासारखं काही होतं, तर ती बाल्कनी. बाकी सगळा आनंदच होता. लिफ्ट नाही, आणि स्वयंपाकघर एवढंसं की दोघांना एकाच वेळी वळायचं असेल तर आधी ठरवून वळायचं. जिना झाडायची पाळी चुकली की खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी दारात हजर. पण बाल्कनी दक्षिणेला होती आणि सकाळपासून तिथे ऊन यायचं. उन्हाची किंमत स्टुटगार्टात एक हिवाळा काढल्याशिवाय कळत नाही. आजही ते घर आठवलं की आधी मला ते ऊन आठवतं, मग घरभर पसरलेला बडीशेपेचा वास, आणि मग त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाई. आता त्या नाहीत. असत्या तर ही गोष्ट त्यांनीच सांगितली असती, आणि मला मध्ये एक अक्षर बोलू दिलं नसतं.

साल दोन हजार चौदा असेल किंवा पंधरा. माझा नवरा तेव्हा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत गिअरबॉक्सच्या चाचण्या घ्यायचा, आणि सिगरेटी ओढायचा. दोन्ही कामं मन लावून. माझं ओरडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी मी हात टेकले.

सासूबाईंनी मात्र टेकले नव्हते. त्यांना कारण होतं. माझे सासरे आयुष्यभर सिगरेट ओढत होते आणि खोकून खोकून गेले. माझं लग्न झालं तेव्हा ते नव्हतेच, मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. पण त्यांचा खोकला मला पाठ होता, कारण सासूबाई तो करून दाखवायच्या. आधी एकच कोरडा. मग जरा थांबून लागोपाठ दोन. मग घसा खरवडल्यासारखा आवाज. दाखवून झालं की पदराने तोंड पुसायच्या आणि लेकाला म्हणायच्या, "ऐकलंस? लक्षात ठेव."

त्या हिवाळ्यात स्काइपवर त्यांनी जाहीर केलं की मे महिन्यात येणार, आणि व्हिसा असेपर्यंत राहणार. नवरा लगेच बेत आखायला लागला. काळं जंगल दाखवू, बोडनझेचं तळं दाखवू, राजवाडा दाखवू. त्या म्हणाल्या, "मला तिकडचं काही बघायचं नाहीये. तुझी सिगरेट सुटलेली बघायचीये, आणि मग निवांत परत यायचंय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. नवरा बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसला होता.

पुढच्याच शनिवारी त्याने इलेक्ट्रॉनिक सिगरेट आणली. बॅटरीवर चालणारी, पेनापेक्षा जाड, आत छोटीशी टाकी, टाकीत लिक्विड, आणि ते तापवून त्याची वाफ ओढायची. तेव्हा ती बऱ्यापैकी नवी गोष्ट होती, आमच्या भागात दुकानं नुकती निघत होती. तिच्या जोरावर त्याने खरंच सिगरेट सोडली. मी देवापुढे साखर ठेवली.

विकतच्या लिक्विडवर गाडी थांबेल तर तो इंजिनिअर कसला! महिन्याभरात आमच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा सुरू झाली. निकोटीन आधीच मिसळलेलं पातळ मिश्रण तेव्हा मोठ्या बाटलीत मिळायचं. त्यात वरून ग्लिसरीन घालायचं, चार थेंब स्वादाचे, की झालं लिक्विड. निकोटीन कातडीतूनही अंगात जातं म्हणून साहेब हातमोजे घालून बसायचे. आंब्याचा स्वाद आणला, तो शाम्पूसारखा निघाला. कॉफीचा आणला, त्याने टाकी कडू झाली. शेवटी बडीशेपेचा आणला आणि तो जमला. त्यानंतर आमच्या घराला कायम जेवणानंतरच्या मुखवासासारखा वास यायचा. पाहुणे विचारायचे, आम्ही विषय बदलायचो.

हे लिक्विड केल्या केल्या ओढायचं नसतं. काचेच्या बरणीत भरून, झाकण लावून दोन-तीन आठवडे मुरू द्यायचं असतं, म्हणजे स्वाद एकजीव होतो. नवरा ओट्याखालच्या कपाटात बरण्या ओळीने मांडून ठेवायचा.

सासूबाई आल्या त्या एका बॅगेत कपडे आणि दुसऱ्या बॅगेत आमच्यासाठी सामान घेऊन. मेतकूट, भाजणी, ज्येष्ठमध, आणि मलमलीचं धुतलेलं कापड. आल्या आल्या त्यांनी लेकाच्या शर्टाचा वास घेतला. मग बोटांचा घेतला. मग त्याला जवळ घेतलं. "सुटली की रे," म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्याने आईला स्वयंपाकघरात नेऊन सगळं दाखवलं, हे यंत्र, ही टाकी, या बरण्या, हे असं मुरवायचं. त्यांना ते यंत्र काही फार आवडलं नाही, पण सिगरेटीपेक्षा बरं म्हणून त्या गप्प राहिल्या. "औषधच म्हणायचं हे," असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं.

ते पहिले दिवस काय सुंदर होते! मी जवळच्याच फॉयरबाखमधल्या एका कंपनीत अर्धवेळ काम करायचे. दुपारी घरी यावं तर गरम जेवण तयार, कपड्यांच्या घड्या झालेल्या, आणि बाल्कनीत उन्हात लिंबाच्या लोणच्याची बरणी, तोंडाला मलमलीचा दादरा बांधलेली. जिना तर त्या असा झाडायच्या की खालच्या आजी खूश होऊन केक देऊन गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी जिन्यात उभ्या राहून अर्धा अर्धा तास बोलायच्या. काय बोलायच्या, देव जाणे.

आणि मग नवरा खोकायला लागला.

सकाळी चहाबरोबर तो यंत्र घेऊन बाल्कनीच्या दारात उभा राहायचा. त्या दिवशी दोन झुरके मारले आणि आधी एकच कोरडा खोकला आला. मग जरा थांबून लागोपाठ दोन. मग घसा खरवडल्यासारखा आवाज. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

"काही नाही गं आई, जरा घशाला लागलं," नवरा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. घशात मिरची गेल्यासारखं होतं, म्हणायचा.

आमच्या साहेबांनी मग गिअरबॉक्सची पद्धत काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी ग्लिसरीन वाढवलं, कारण पातळ मिश्रणाने काही लोकांचा घसा खवखवतो. फरक नाही. मग आतली तापणारी तार आणि कापूस बदलला, कापूस जळला की घसा जाळतो म्हणून. फरक नाही. मग पाणी. वाफेने घसा कोरडा पडतो, म्हणून दिवसभर बाटली तोंडाला. फरक एवढाच पडला की रात्रभर उठायचा. "मूळ कारण शोधायचं असेल तर पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं," तो मला समजावून सांगत होता. शेजारी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "खोकला का येतो? ओढतोस म्हणून. एका ‘का’मध्ये काम झालं."

त्यांचे उपाय चालूच होते. ज्येष्ठमध चघळ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, झोपताना हळद-दूध घे. लेक मुकाट्याने सगळं करायचा. आणि कपाटातल्या बरण्या बघून खूशही व्हायचा. "बघ, काय छान मुरतंय, रंग कसा आलाय!" पाण्यासारखं लिक्विड चहाच्या रंगाचं झालं होतं. मुरलं की थोडा रंग येतोच, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

मग त्याने निकोटीन कमी केलं. घशाला ते कमी टोचेल, असा हिशेब. झालं भलतंच. खोकला तसाच राहिला, वर तलफ भागेना. घरात चिडचिड, ऑफिसात चिडचिड. एकदा तर टोस्टरशी भांडला. आणि एका सकाळी सासूबाई तळघरात कपडे धुवायला निघालेल्या अर्ध्या जिन्यातून परत वर आल्या. हातात त्याचा निळा शर्ट होता. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "वास घे."

सिगरेट!

संध्याकाळी मी त्याला दारातच गाठलं. त्याने लपवलं नाही. "एकच ओढली गं. खरं सांगू? तिने घसा कमी दुखतो." मला इतका राग आला की मी काय बोलले ते मलाही आठवत नाही. पण सासूबाई रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "मी असताना एक. मी गेल्यावर किती?" आणि भाजी परतायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय उरला. ऑगस्टात त्यांचं विमान होतं. त्याआधी हा खोकला थांबला पाहिजे, नाहीतर हा परत सिगरेटीकडे जाणार आणि त्या जीव इथे टाकून जाणार.

मग एक दिवस आमचे शास्त्रज्ञ उजळ चेहऱ्याने घरी आले. "आल्झो! तर ऐका! ऑफिसात मी खोकत नाही. फक्त घरी खोकतो." ऑफिसच्या खणात त्याची एक जुनी भरलेली बाटली असायची. आई यायच्या आधी केलेली, पण कृती तीच, प्रमाण तेच. म्हणजे लिक्विड निर्दोष. दोष घरात. "आणि घरात असं काय आहे जे ऑफिसात नाही?" त्याने आमच्या दोघींकडे बघितलं. "फोडणी!"

"काय?" मी म्हटलं.

"गेनाऊ! अगदी तेच! मोहरी, मिरची, तापलेलं तेल. आधी घसा फोडणीने सोलला जातो, मग वाफ झोंबते."

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या आजीच्या आजीपासून फोडण्या चालल्यात, कुणाचा घसा सोलला नाही. पण लेकाच्या खोकल्यापुढे सासूबाईंना सगळं मंजूर होतं. आमच्याकडे फोडणी बंद झाली. पिवळंधमक बिनफोडणीचं वरण, उकडलेल्या भाज्या, वर लोणी. मी तोंड वाकडं करून जेवायचे.

नेमका त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. रोज पाऊस, रोज गारठा, जून महिन्यात स्वेटर. आणि खोकला थांबला! त्या रविवारीच त्याने कमी मुरलेलं ताजं लिक्विड टाकीत भरलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जाणार? श्रेय फोडणीला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं दिवसातून चार वेळा ऐकून घेतलं मी. सासूबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. त्या रात्री दोन पोळ्या जास्त जेवल्या.

पुढच्या आठवड्यात लख्ख ऊन पडलं आणि चार दिवसांत खोकला परत हजर. बिनफोडणीचं वरण खाऊनसुद्धा.

आमच्या ऑफिसातली कॉम्प्युटरची सगळी यंत्रणा एका सकाळी बंद पडली आणि सगळ्यांना घरी पाठवलं, म्हणून मला हे कोडं सुटलं. एरवी मी तीनच्या आधी कधी घरी नसायचे. त्या दिवशी अकरालाच पोचले. बाल्कनीचं दार उघडं होतं. सासूबाई स्टुलावर बसून वर्तमानपत्राने गांधीलमाश्या हाकलत होत्या. पुढ्यात लोणच्याची बरणी, आणि तिच्या शेजारी, ओळीने, नवऱ्याच्या लिक्विडच्या बरण्या. सगळ्यांची झाकणं काढलेली, सगळ्यांना मलमलीचे दादरे बांधलेले.

"अहो आई, हे काय?"

"काय म्हणजे? उन्हं दाखवतेय."

"त्याच्या लिक्विडला?"

"मग! मुरायला ठेवतो म्हणाला ना तो. कपाटात कोंडून काय मुरणार, कप्पाळ? मी आले तेव्हा नुसतं पाणी होतं ते. आता बघ, कसा सोन्यासारखा रंग चढलाय."

"तुम्ही हे रोज ठेवता?"

"ऊन असेल तेव्हा. पावसात कोण ठेवेल?" माझ्याकडे बघून त्या हसल्या. "ऊन सरकेल तसं सरकवायला लागतं गं, खांबाची सावली पडते. तुम्ही यायच्या आधी आत ठेवून देते. अडगळ नको तुम्हाला."

माझ्या डोक्यात एकदम ऊन, पाऊस, खोकला, सगळं एका ओळीत आलं. मी एवढंच विचारलं, "त्याला हात लावल्यावर हात धुता ना?" त्या म्हणाल्या, "हे काय विचारणं झालं?" आणि मी बेडरूमचं दार लावून नवऱ्याला फोन केला.

मी बघितलेलं सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "अरे देवा." आणि मग म्हणाला, "उघडं? उन्हात?" ऊन, हवा आणि उष्णता लागली की निकोटीन बिघडतं, काळवंडतं आणि घशाला मिऱ्यासारखं झोंबतं, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तर तो बरण्या अंधाऱ्या कपाटात ठेवायचा!

"आणि तू माझी फोडणी बंद केलीस," मी म्हटलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"हळू बोल. आईला सांगू नकोस."

"का?"

"माझा खोकला तिच्यामुळे होता हे कळलं तर ती स्वतःला मरेपर्यंत माफ करणार नाही. तुला माहितेय ती कशी आहे."

माहीत होतं. मलाही ते पटलं. ज्या खोकल्याला ती बाई इतकी वर्षं भीत होती, तो तिनेच लेकाच्या घशात घातला, हे कुणी कुणाला कसं सांगायचं? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असूनही मी शब्द दिला.

नवऱ्याने मग बेत केला. चांगलं लिक्विड ऑफिसच्या खणात. घरातल्या बरण्यांमध्ये नुसतं ग्लिसरीन आणि बडीशेप, थोडा चहापत्तीचा रंग. आईने खुशाल ऊन दाखवावं. बिघडलेलं लिक्विड मोरीत ओतायचं नसतं, इथे अशा विषारी कचऱ्याची गाडी ठरावीक दिवशीच येते, म्हणून ते सगळं एका बरणीत भरून तळघरात नेऊन ठेवलं.

खोकला थांबला. फोडणी परत सुरू झाली. मी हिंगाचा वास छाती भरून घेतला आणि म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

पण सासूबाई खूश दिसेनात. आधी वाटलं, परत जायचे दिवस जवळ आले म्हणून असेल. मग माझ्या लक्षात आलं की नवरा बाथरूममध्ये गेला की त्या बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसतात. हातात काहीतरी काम घेऊन, पण कान दाराकडे. एकदा दाढी करून तो बाहेर आला तर समोरच आई. "काय गं, इथे काय करतेस?" "काही नाही. मोजे जोडतेय."

दुपारी चादरीची घडी घालताना मी विचारलं. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

"खोकला असा एकदम थांबत नसतो गं," त्या म्हणाल्या. "ह्यांचाही थांबला होता. मला वाटलं, देव पावला. नातेवाइकांना पेढे वाटले मी. नंतर कळलं, न्हाणीघरात नळ सोडून खोकायचे. मला ऐकू जाऊ नये म्हणून." त्यांनी घडी छातीशी धरली. "हा पण लपवतोय. मला माहितेय. बापाचंच पोर आहे."

आम्ही त्यांना वाचवायला निघालो होतो, आणि इकडे त्या रोज तोच जुना नळ ऐकत बसल्या होत्या.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाईल आपोआप. मी खोकतच नाहीये तर किती दिवस संशय घेईल?" घेतला की! त्यांनी एक्स-रेचा हट्ट धरला. याने म्हटलं, "मला काहीही झालेलं नाही, आई." त्यांचं तोंड पांढरं पडलं. "हेच म्हणायचे ते. शब्द न् शब्द हेच." त्यांचं जेवण कमी झालं. खालच्या आजींनी केक आणला तर दार उघडायलाही गेल्या नाहीत.

शेवटच्या रविवारी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं. "माझं तिकीट रद्द कर. मी जाणार नाही."

"आई, व्हिसा संपतोय. असं राहता येत नाही इथे."

"मला पकडून नेऊ देत. तू मला सांगितल्याशिवाय मी हलणार नाही."

"काय सांगू? मी ठणठणीत आहे!"

"ओरडू नकोस! ते पण ओरडायचे!"

दोघांचे आवाज चढले. त्याचे कान लाल झालेले, त्यांचे डोळे भरलेले. आणि मी पळी वरणाच्या पातेल्यात आपटली. वरण भिंतीवर उडालं.

"पुरे! आई, तो काही लपवत नाहीये. त्याचा खोकला तुमच्यामुळे होता."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. मी थांबले नाही. उन्हाचं सांगितलं, दादऱ्यांचं सांगितलं, निकोटीन बिघडतं ते सांगितलं, सध्या तुम्ही नुसत्या ग्लिसरीनला उन्हं दाखवताय हेही सांगून टाकलं. बोलून झाल्यावर मला माझीच भीती वाटली. म्हातारं माणूस, आता कोसळणार, मी काय करून बसले!

त्या माझ्याकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळे?"

"हो."

"मी उन्हात ठेवलं म्हणून?"

"हो, आई."

"दुसरं काही नाही? छातीत काही नाही?"

"काही नाही."

त्या लेकाकडे वळल्या. "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलतेय का ही?"

"नाही गं. खरंच तसं झालं."

"दाखव."

"काय दाखव?"

"ते बिघडलेलं आहे का कुठे? ओढून दाखव मला."

कचऱ्याची गाडी अजून यायची होती, बरणी तळघरातच होती. नवऱ्याने ती वर आणली. मी नको म्हणत होते, पण त्याने टाकीत थोडं भरलं, आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि एक झुरका घेतला. आधी एकच कोरडा खोकला. मग जरा थांबून लागोपाठ दोन. मग घसा खरवडल्यासारखा आवाज. सासूबाई पुढे झुकून, श्वास रोखून ऐकत होत्या. मग त्याने टाकी पुसली, कापूस बदलला, ऑफिसच्या पिशवीतलं चांगलं लिक्विड भरलं आणि लांब झुरका घेतला. शांतता. खालच्या आजींचा रेडिओ तेवढा ऐकू येत होता.

"परत," त्या म्हणाल्या. "परत ते वाईटवालं."

"आई, घसा जातो गं माझा!"

"एकदाच. शेवटचं."

त्याने ओढलं. खोकला आला. आणि सासूबाई रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. लेकाच्या पाठीवर धपाधप मारत होत्या आणि म्हणत होत्या, "मीच! मीच गं बाई! मूर्ख मेली मी!" एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, आमच्या लग्नातही नाही. आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत राहिलो. ज्या एका गोष्टीपासून आम्ही त्यांना इतके दिवस वाचवत होतो, तीच त्यांना हवी होती. मला तेव्हा त्यांना घट्ट मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली.

त्या ठरल्या विमानाने गेल्या. नवऱ्याने सिगरेट पुन्हा धरली नाही, आणि दोनेक वर्षांनी ते यंत्रही सोडून दिलं. पण मला त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच: हात धुवून, तोंड पुसून, त्यांनी माझ्याकडून फोन मागून घेतला आणि साताऱ्याला आपल्या बहिणीला लावला. बाल्कनीत उभ्या राहून त्या एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की खालच्या आजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अगं ऐक, त्याचा खोकला माझ्यामुळे होता!… नाही गं, छातीबिती काही नाही, मी स्वतः तपासलं ना. ह्यांच्यासारखं काही नाहीये. माझीच चूक होती. अगं खरंच, फक्त माझीच!"